किनाऱ्यावर तेल आलं तर: गावच्या आपत्ती आराखड्यात मनाच्या आजारांसाठी नेमकं काय लिहावं?

गालजीबाग_किनारा (प्रश्न)

आमच्या पंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने लिहायला घेतला आहे. तेलगळतीच्या पानावर तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक, हातमोजे, फावडी, गोणी, कासवांची घरटी असलेल्या जागा, सगळं आहे. माणसांच्या मनाबद्दल एक ओळसुद्धा नाही. मे २००६च्या अखेरीस कारवारजवळ ‘ओशन सेराया’ हे जहाज खडकावर चढलं आणि त्यातलं तेल आमच्या काणकोणच्या (दक्षिण गोवा) किनाऱ्यापर्यंत आलं, तेव्हा नोंदी झाल्या त्या वाळूच्या आणि तेलाच्या. घराघरांत काय चाललं होतं याचा कागद कुठे नाही.

साधारण सव्वाशे घरं, रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे) आणि पातीवाले (छोट्या होडीने मासेमारी करणारे), पंधरा-वीस बायका मडगावच्या आणि काणकोणातल्या चावडीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या, थोडे शॅकवर काम करणारे, काही परराज्यातले खलाशी. जाणकारांना विचारायचं ते असं:

तेल आल्यावर मनाचा त्रास कधी, कोणाला, कशामुळे होतो? डॉक्टर नसलेल्या माणसांनी काय करावं आणि कशाला हात लावू नये? आणि हे सगळं मेच्या शेवटी घडलं, पुढे दोन महिन्यांची मासेमारीबंदी असली, तर काय बदलतं?

“लोकांना धीर द्या” एवढंच लिहायचं असतं तर विचारलंच नसतं. पद्धत, आकडे, क्रम हवा आहे.

---

समुपदेशक_बार्देस

प्रश्न योग्य वेळी विचारलात. आधी एक गोष्ट आराखड्याच्या पहिल्याच ओळीत घाला, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं: माणूस खचतो तो तेल बघून कमी, मिळकत थांबल्याने आणि भरपाईची वाट बघून जास्त.

२०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ची तेलविहीर ८७ दिवस वाहत होती. त्यानंतर किनाऱ्यावरच्या दोन वस्त्यांची तुलना झाली, एक अलाबामातली जिथे तेल पोचलं, दुसरी फ्लोरिडातली जिथे पोचलं नाही. चिंता आणि नैराश्य दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. फरक दिसला तो ज्यांची कमाई बुडाली आणि ज्यांची नाही यांच्यात. याचा तुमच्यासाठी सरळ अर्थ असा की “बाधित” यादी तेल लागलेल्या वाळूच्या मीटरवर करू नका. काणकोणला तेल आलं की मडगावात, पणजीत, म्हापशात गिऱ्हाईक सगळ्याच मासळीकडे पाठ फिरवतं. बाजारात बसणारी बाय तेल आलेल्या किनाऱ्यापासून ३० किलोमीटरवर असली तरी पहिल्याच आठवड्यात तिची पाटी रिकामी होते.

दुसरा धडा अलास्काचा. २४ मार्च १९८९ला ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटलं. वर्षभराने १३ वस्त्यांमधल्या सुमारे ६०० जणांची पाहणी झाली. ज्यांचा तेलाशी आणि सफाईशी सर्वांत जास्त संबंध आला त्यांच्यात कायमच्या चिंतेचा आजार, संबंध न आलेल्यांच्या तुलनेत ३.६ पट, आघातानंतरचा ताण २.९ पट. त्याच पाहणीत दारू वाढली, घरातली भांडणं वाढली, शेजाऱ्यांशी बोलणं तुटलं असंही निघालं. खटला मात्र चालतच राहिला. १९९४ला ज्यूरीने पाच अब्ज डॉलरचा दंड लावला. तो अपिलांतून कमी होत २००८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५० कोटी ७५ लाख डॉलरवर आला. त्या मधल्या वर्षांत अलास्कातल्या कॉर्डोव्हा गावात ज्या अभ्यासकांनी काम केलं त्यांना दिसलं की खटला हाच एक वेगळा ताण होऊन बसला होता.

वादळानंतर गाव एकत्र येतं, एका चुलीवर जेवण शिजतं. तेलानंतर बहुधा उलट होतं. वादळाचा दोष कोणावर नसतो आणि ते संपल्याचं सगळ्यांना दिसतं. तेलाला जबाबदार कोणीतरी असतं, ते नाकारतं, आणि “आता संपलं” असं म्हणायला ठरावीक दिवस नसतो. मग राग जवळच्या माणसावर निघतो: त्याला सफाईचं काम मिळालं, मला नाही, त्याला भरपाई मिळाली, मला नाही.

काळाचा क्रम साधारण असा धरून चाला. पहिले १०-१५ दिवस धावपळ, झोप कमी, पण माणूस उभा असतो. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत सावकार, आगाऊ रक्कम दिलेला मासळीचा एजंट, शाळेची फी, हे सगळं एकदम दारात येतं. माझ्या मते खरा धोका इथे सुरू होतो, आणि नेमकी हीच वेळ असते जेव्हा वर्तमानपत्रवाले आणि अधिकारी निघून गेलेले असतात. मग सहाव्या महिन्यापासून पुढे भरपाईची पत्रं, नकार, वर्षदिनाची आठवण. आराखड्यात मदतीच्या फेऱ्या याच तीन टप्प्यांत वाटा, सगळी माणसं पहिल्या आठवड्यात खर्चून टाकू नका.

मे-अखेरचा तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा. तो पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी साठवण करायचा) काळ. बायका सुंगटं, बांगडे, दोडयारे किनाऱ्यावरच वाळत घालतात. पावसाळ्याची बेगमी आणि विक्री दोन्ही त्यावर. तेल आलं की वाळवणाची जागा जाते, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी आणि समुद्र खवळलेला, त्यामुळे भरून काढायला पुरेशी मासेमारी नसते. त्यात एक कागदी सापळा आहे: बंदीच्या काळात “तुमची कमाई तशीही नव्हतीच” म्हणून नुकसान शून्य धरलं जाऊ शकतं. प्रत्यक्षात बुडालेली असते मेची सुकी मासळी, जी जून-जुलैत विकली जाते. ती वेगळी नोंदवा. २५ मे २०२५ला कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं तेव्हाही हाच हंगाम होता. केरळ सरकारने चार जिल्ह्यांतल्या मच्छीमार कुटुंबांना १,००० रुपये आणि ६ किलो तांदूळ जाहीर केले. रक्कम छोटी, पण लवकर. मनाच्या दृष्टीने पहिल्या १० दिवसांत हातात पडलेला शिधा दोन वर्षांनी येणाऱ्या मोठ्या चेकपेक्षा जास्त काम करतो. स्पेनच्या गॅलिशियात २००२च्या ‘प्रेस्टीज’ गळतीनंतरच्या अभ्यासांतही लोकांचा आधार आणि आर्थिक मदतीबद्दलचं समाधान या दोन गोष्टी मनाच्या प्रकृतीशी जोडलेल्या आढळल्या.

---

डॉक्टर_पेडणे

वरच्या उत्तराशी सहमत. वैद्यकीय बाजू जोडतो, कारण इथे दोन्ही दिशांनी चुका होतात: वाफेचा त्रास “टेन्शन” म्हणून घरी पाठवला जातो, आणि घबराटीचा झटका “गॅस चढला” म्हणून सलाईनवर ठेवला जातो.

ताज्या तेलातले हलके घटक, बेन्झिन वगैरे, पहिल्या एक-दोन दिवसांत उडून जातात. त्यांनी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, डोळे चुरचुरतात. ओळखायची खूण: त्रास किनाऱ्यावर गेल्यावर थोड्या वेळात सुरू होतो आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मोकळ्या हवेत आल्यावर उतरतो. चिंतेचा त्रास उलट रात्री घरी, अंथरुणावर वाढतो: छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरत नाही असं वाटणं, पहाटे तीनला जाग. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून “आधी वाफ नाही ना हे बघा, मग मन” हा क्रम ठेवा. चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या छातीत दुखलं तर ईसीजी झाल्याशिवाय चिंता म्हणू नका.

कुजक्या अंड्याचा वास येत असेल आणि अचानक यायचा थांबला, तर धोका टळला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झालं की नाक बधिर होतं. लगेच मागे फिरा. साध्या धुळीच्या मास्कने वाफ अडत नाही. अंगाला लागलेलं तेल रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नका, कातडी जळते आणि विष आत जातं. खोबरेल चोळा, कापडाने पुसा, मग साबण. गरोदर बायका आणि मुलं सफाईला नकोत.

आता तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली वापरा. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आलं तर डॉक्टरांनी बसून बोलावं. चिंतेसाठी जीएडी-७, सात प्रश्न, तिथेही १० ही रेघ. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी पुढची पावलं.

ही तपासणी पहिल्या आठवड्यात घरोघर करू नका. तेव्हा सगळ्यांचीच झोप उडालेली असते, अर्ध्या गावाला आजारी ठरवाल आणि नंतर ज्यांना खरी गरज आहे ते कंटाळून नाव सांगणार नाहीत. चौथ्या आठवड्याला एकदा, तिसऱ्या महिन्याला एकदा, वर्षाला एकदा. आघातानंतरच्या ताणाचं निदान तर एक महिना होण्याआधी करताच येत नाही.

झोपेच्या गोळ्यांबद्दल ठळक अक्षरांत लिहा. औषधाच्या दुकानातून मागून घ्यायच्या नाहीत, दारूसोबत तर मुळीच नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

आणि दारूची उलटी बाजू, जी कोणी लिहीत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याचे पैसे संपले की तो एकाएकी बंद करतो. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप. घरचे म्हणतात “धक्क्याने वेडा झाला” किंवा बाहेरचं लागलं. हे जीवघेणं असतं आणि इस्पितळात बरं होतं. असा माणूस दिसला की १०८ बोलवा, गोमेकॉला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या. “एकदम सोड” असा सल्ला अशा माणसाला स्वयंसेवकांनी देऊ नये.

---

कागदपत्र_साष्टी

समुपदेशकांनी म्हटलं की भरपाईची वाट हा मोठा ताण. मग दाव्याचं टेबल हे मनाच्या आरोग्याचंच काम समजून आराखड्यात घाला.

आधी लोकांना कळू द्या की तेल कशातून आलं यावर दार ठरतं. तेलवाहू टँकरमधलं, सहज न उडणारं तेल असेल (कच्चं तेल, फर्नेस ऑइल) तर १९९२चा नागरी दायित्व करार आणि १९९२चा आंतरराष्ट्रीय तेलप्रदूषण भरपाई निधी लागू होतो. भारत दोन्हींत आहे. खनिजवाहू किंवा कंटेनर जहाजाच्या स्वतःच्या इंधनाचं तेल असेल तर हा निधी नाही, जहाजमालक आणि त्याच्या विम्याकडे जावं लागतं. ऑक्टोबर २०१९ला दोनापावलाजवळ येऊन अडकलेल्या ‘नू शी नलिनी’त नाफ्था होता, तो उडून जाणाऱ्या प्रकारात मोडतो, म्हणजे सांडला असता तरी निधीचं दार बंदच. आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर येणारे डांबरगोळे? जहाजातूनच आले हे सिद्ध झाल्याशिवाय तिथे कोणी पैसे देत नाही. हे कडू सत्य पहिल्याच सभेत सांगा. खोटी आशा दोन वर्षांनी फार महाग पडते.

मुदत. निधीसाठी नुकसान झाल्यापासून ३ वर्षं, घटनेपासून कमाल ६. नुसता अर्ज देऊन ठेवला म्हणून घड्याळ थांबत नाही. तीन वर्षांत तडजोड झाली नाही तर न्यायालयात जावंच लागतं. हरित न्यायाधिकरणाकडे, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, मदत-भरपाईचा अर्ज ५ वर्षांत करता येतो, आणि तिथल्या यादीत आजारपण, उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी हेही येतं. म्हणून आरोग्य केंद्रातला प्रत्येक केसपेपर, मनाच्या त्रासासाठी गेलात तो सुद्धा, जपून ठेवा.

रक्कम कशी काढतात ते आधीच शिकवा. मागच्या तीन वर्षांत त्याच महिन्यांत सरासरी किती मिळायचं, त्यातून या वर्षी प्रत्यक्ष मिळालेलं वजा, आणि वाचलेला खर्चही वजा. समजा एका पातीची रोजची विक्री ६,००० रुपये. डिझेल १,८०० आणि बर्फ ४०० खर्च झालंच नाही, तर दावा ३,८००चा. हे आधी माहीत नसलं की “सहा हजारांचे अडतीसशे केले, आम्हाला चोर ठरवलं” असा समज होतो. असल्या पत्रानंतर माणसं आठवडाभर घराबाहेर पडत नाहीत. गणित आधी समजलेलं असलं तर तेवढा डंख लागत नाही.

पुरावा: होडीची नोंदणी आणि परवाना, इंधन सवलतीचं पुस्तक, संस्थेच्या लिलावाच्या चिठ्ठ्या, बर्फाची बिलं, पासबुक. तेल लागलेली जाळी सर्वेक्षण होईपर्यंत जाळू नका, फेकू नका. तारखेसह फोटो आणि एक तुकडा बंद पिशवीत. रापणीत वाटे असतात, तेव्हा वाटेकऱ्यांची वही प्रत्येक नावानिशी. रापणीचा दावा एकट्या मालकाच्या नावाने गेला तर वाडा (वस्ती) फुटलाच समजा.

बायकांकडे बिल नसतं, म्हणून त्या यादीतून गळतात. त्यांच्यासाठी सोपोच्या, म्हणजे बाजारात बसायच्या कराच्या, पावत्या धरा. ती बाई त्या दिवशी बाजारात होती याचा सरकारी कागद तो. सोबत आजपासून वही: तारीख, किती पाट्या, घेतल्याचा भाव, विकल्याचा भाव, पिकअपचं भाडं. तेल येईपर्यंत थांबू नका, मागच्या वर्षांचा आधार हीच वही होणार आहे. छोट्या मच्छीमारांकडे कागद कमी असतात हे निधीलाही ठाऊक आहे, त्यांच्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक पद्धती आहेत. पण काहीच नसण्यापेक्षा पेन्सिलची वही कितीतरी बरी.

---

गालजीबाग_किनारा

खूप उपयोगी, आभार. सोपोच्या पावत्यांचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणखी दोन शंका.

एक, आमचा विचार होता की चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यांना देवळाच्या मंडपात बसवून प्रत्येकाला मन मोकळं करायला लावावं. कसं?

दोन, पुरुष “मला काही झालेलं नाही” याच्यापुढे जात नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं?

---

समुपदेशक_बार्देस

पहिलं करू नका. सक्तीने सगळ्यांसमोर “काय वाटलं ते सांग” म्हणायची एका बैठकीची पद्धत पूर्वी फार चालायची. तिने पुढचा ताण टळत नाही आणि काहींचा वाढतो, हे अभ्यासांत दिसल्यावर ती मागे पडली. त्यात लहान गाव. आज कोणी कर्जाची गोष्ट बोलला की उद्या तिठ्यावर तीच चर्चा.

मंडपात सभा जरूर घ्या, पण माहितीची. मन मोकळं करणं घरी, दोघांत, त्याची इच्छा असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारात तीन कामं आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे घरात चूल पेटते आहे का, लहान बाळ, म्हातारं, आधीपासून गोळ्या चालू असलेलं कोणी आहे का. गोळ्या संपल्या आणि आणायला पैसे नाहीत म्हणून जुना आजार उसळणं हे फार सामान्य आहे, त्यावर पहिल्या आठवड्यात लक्ष ठेवा. ऐका म्हणजे मध्ये न बोलणं, “दुसऱ्यांचं बघ किती वाईट आहे” न म्हणणं. जोडून द्या म्हणजे नुसता नंबर देणं नव्हे. आरोग्य केंद्राची वेळ घेऊन बरोबर जाणं.

पुरुषांसाठी दार दुसरीकडून उघडा. “मन कसं आहे” विचारू नका. “झोप किती लागते, जेवण जातं का, एजंटला काय सांगितलंत” इथून सुरू करा. दाव्याच्या टेबलावर तो येणारच आहे. तिथे फॉर्म भरणाऱ्या दोघांना चार खुणा शिकवा: दाढी-आंघोळ सुटणं, चिडून उठून जाणं, सकाळीच दारूचा वास, “माझ्यामागे हे कागद बायकोला द्या” असं बोलणं. शेवटची खूण दिसली तर बाजूला नेऊन थेट विचारा, “जगणं नको वाटतं का?” विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट कोणीतरी विचारलं याने माणूस सुटतो. हो म्हणाला तर एकटा सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ (दिवसरात्र, मराठीत बोलता येतं), धोका आत्ताचा वाटला तर १०८ आणि बांबोळीचं मनोविकार इस्पितळ.

गोव्याला या बाबतीत एक मोठी सोय आहे. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्यावर काम करायची पद्धत इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली गेली. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने दहा केंद्रांत ४९३ रुग्णांवर केलेला तो अभ्यास २०१७मध्ये छापून आला. पीएचक्यू-९वर १४च्या वर असलेल्यांना आठवड्याला एक, ३०-४० मिनिटांची, अशा सहा ते आठ भेटी. गाभा साधा: खचलेला माणूस कामं सोडतो, कामं सुटली की आणखी खचतो. म्हणून प्रत्येक भेटीत पुढच्या आठवड्याची दोन-तीन छोटी कामं वारासकट ठरवायची, ती करण्याआधी आणि नंतर मन कसं होतं ते नोंदवायचं.

तेलगळतीत ही पद्धत अडखळते ती कामांच्या निवडीवर. रापणकाराचं सगळं आयुष्य किनाऱ्यावर, आणि किनाराच बंद. “सकाळी फिरायला जा” म्हटलं की तो जाणार कुठे, तेलाकडेच. म्हणून यादी आधी करून ठेवा: मांडवात बसून चांगल्या जाळ्यांची डागडुजी, इंजिन उघडून साफ करणं, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) तासभर, संध्याकाळचं भजन, नातवाला शाळेत सोडणं. भजन यादीत वरच ठेवा. कमी बोलणारा माणूस चार लोकांत, ठरल्या वेळी, टाळ वाजवत बसतो तेव्हा अर्धं काम होतं.

पिणाऱ्यांसाठीही अशीच, चार भेटींपर्यंतची पद्धत याच केंद्रांत तपासली गेली आहे. दारूच्या सवयीबद्दलच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत १२ ते १९ गुण असणाऱ्यांसाठी ती. २० किंवा पुढे असेल तर डॉक्टरांनी वर सांगितलंय तसं थेट इस्पितळ.

आराखड्यात लिहायचं ते हे: दोन पुरुष, दोन बायका, आत्ताच प्रशिक्षणाला पाठवणे. तेल आल्यावर शिकवायला वेळ नसतो. आणि या चौघांत सरपंच किंवा संस्थेचा अध्यक्ष नको. ज्याच्या हातात सफाईची यादी आहे त्याच्यासमोर कोणी दुःख सांगत नाही.

---

रापण_वाटा

सफाईच्या यादीवरूनच लिहितो, कारण गावं तिथेच फुटतात. अलास्कातही ज्यांच्या होड्या सफाईला भाड्याने घेतल्या ते पैसेवाले झाले आणि शेजारी तोंड फिरवून बसले.

नियम आधी ठरवून ग्रामसभेत वाचून दाखवा. पहिल्या फेरीत एका घरातून एकच माणूस. नावं चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर. पाच दिवसांनी बदली, म्हणजे पैसेही वाटले जातात आणि वाफेचा-उन्हाचा मारही. बायकांना आणि पुरुषांना एकच मजुरी. सकाळी ७ ते ११ आणि ३:३० ते ६, दुपारचं ऊन टाळून. परराज्यातल्या खलाशांना यादीतून वगळू नका. त्यांना इथे नातं नाही, खोली ट्रॉलरवरच, आणि मालकाने पगार थांबवला तर त्यांच्याकडे घरी जायचंही भाडं नसतं. त्यांच्याशी बोलायला त्यांची भाषा येणारा एक जण शोधून ठेवा.

काम कसं होतं याचाही मनावर परिणाम होतो. जेसीबी घातला की तेल वाळूत खोल मिसळतं, आणि चार भरत्यांनी पुन्हा वर येतं. मग “आम्ही महिनाभर राबलो ते फुकट गेलं” हे दुःख तेलाहून मोठं होतं. दाताळं, चाळणी, हाताने. गोणीत १०-१५ किलोच, जास्त भरली की फाटते आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. भरतीच्या खुणेच्या वरून सुरुवात नको, ओल्या पट्ट्यापासून. आणि पहिल्याच दिवशी सांगा की तेल पुन्हा येईल, दोन-तीनदा साफ करावं लागेल. माहीत असलं की माणूस त्यात हरत नाही.

रोज कोण, किती तास, कुठे, हे वहीत. दाव्यालाही लागतं, डॉक्टरांनाही.

अफवांसाठी एक फळा, एकच जागा, सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ला बदलायचा, खाली वेळ आणि सही. त्यावर: तवंग आता कुठे, मासळी विकायला परवानगी आहे की नाही, नमुने कधी पाठवले, दाव्याचं टेबल किती वाजता. जे कळलेलं नाही त्यापुढे “अजून कळलेलं नाही” असंच लिहा. रिकामा फळा ठेवला की व्हॉट्सअ‍ॅप तो भरून काढतं.

---

शाळामास्तर_काणकोण

मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. जूनमध्ये शाळा पुन्हा भरते तेव्हा वह्या-गणवेशाचा खर्च आणि घरात पैसा नाही, दोन्ही एकदम. मुलं ताण शब्दांत सांगत नाहीत: पोटदुखी, पुन्हा अंथरुण ओलं होणं, चिडचिड, मोठी मुलं अचानक कामाला जायच्या गोष्टी करणं. वर्गशिक्षकाने हजेरी बघावी. आठवड्यात तीन दिवस गैरहजर म्हणजे घरी फेरी. मेलेली कासवं आणि पक्षी दाखवायला मुलांना किनाऱ्यावर नेऊ नका, आणि “भरपाई मिळाली की तुला सायकल” असली वचनं घरात देऊ नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर्गात लावून ठेवा.

---

गालजीबाग_किनारा

शेवटचं एक. तातडीची मदत घरटी द्यायची की माणशी? आमच्याकडे यावरच पहिलं भांडण होणार.

---

कागदपत्र_साष्टी

शिधा घरटी, रोख कमावत्या माणशी. होडीचा वाटेकरी आणि मासळी विकणारी त्याची बायको ही दोन नुकसानं आहेत. दोन्ही पुरुषाच्या खात्यात एकत्र टाकली की तिचं नुकसान कागदावरून पुसलं जातं, आणि घरात दारूचा त्रास असेल तर पैसाही. तिच्या नावाचं खातं, तिचं आधार जोडलेलं, आत्ताच तपासा. पुष्कळ खाती वर्षानुवर्षं न वापरल्याने बंद पडलेली निघतात आणि ती पुन्हा सुरू करायला पुन्हा केवायसी करावं लागतं. यादी लावताना नाव, काम, वही आहे की नाही, खातं चालू आहे की नाही, असे चार रकाने. हरकतींना सात दिवस, आणि हरकत ऐकणाऱ्या तिघांत एक तरी मासळी विकणारी बाई.

मे महिन्याच्या आधी एकदा कोरे फॉर्म छापून संस्थेच्या कपाटात ठेवा, पावसात वीज गेली की झेरॉक्सवाला बंद असतो.